फेरिटिन जास्त आलंय, शुगरच्या भीतीने लोहाची गोळी बंद करावी का?

आंबेमोहर
वहिनीला चौदावा आठवडा चालू आहे. हिमोग्लोबिन 10.6, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) 68, फेरिटिन 118. तिच्या आईला डायबेटिस आहे. शरीरात लोह जास्त असलं की गरोदरपणात शुगर वाढते, असं वाचून तिने गोळ्या सोडल्यात. सासूबाई म्हणतात, दोन-दोन घे, रक्त कमी आहे. काय करावं?

काचपट्टी
दोघींचंही घाईचं होतंय. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा खरा, पण सर्दी-ताप, लघवीचं इन्फेक्शन, फॅटी लिव्हर, जास्त वजन यांनीही ते चढतं. त्यामुळे सोबत सीआरपी (शरीरात सूज-इन्फेक्शन आहे का ते दाखवणारी टेस्ट) करा. जास्त फेरिटिन असलेल्यांत गरोदरपणातली शुगर अधिक दिसते हे खरंय, पण ज्या वजनाने फेरिटिन चढतं त्याच वजनाने शुगरही चढते. गोळीवर खापर फोडणं अवघड आहे.

मला खटकतंय ते एमसीव्ही 68. लोह कमी असतं तर फेरिटिन 30 च्या खाली दिसायला हवं होतं. साठा भरलेला आणि पेशी मात्र बारीक, म्हणजे आधी थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार) तपासायचा. सीबीसीत आरबीसी काउंट (लाल पेशींची संख्या) बघा, 5 मिलियनच्या वर असेल तर संशय पक्का. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी टेस्ट) करून घ्या, त्यातला एचबीए2 हा प्रकार 3.5 टक्क्यांच्या वर आला तर नवऱ्याचीही तपासणी लगेच, याच आठवड्यात. दोघंही मायनर निघाले तर बाळाला मेजर (गंभीर प्रकार) होण्याची शक्यता चारात एक, आणि गर्भाची तपासणी वेळेत व्हावी लागते. मायनरमध्ये साठा भरलेला असताना डोस दुप्पट करून एचबी वाढत नाही.

आंबेमोहर
सीआरपी आणि एचपीएलसी उद्याच देतो. मग शुगरसाठी एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) पुरेल ना?

उसळपाव
नाही. लोह कमी असलं की ते खोटं वाढतं, आणि गरोदरपणात तसंही खाली येतं. ग्लुकोजचं पाणी पिऊनच टेस्ट करा: 75 ग्रॅम ग्लुकोज 300 मिली पाण्यात, 5 ते 10 मिनिटांत संपवायचं, दोन तासांनी रक्त. 140 किंवा जास्त आलं तर शुगर आहे. उपाशी असायची अट नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी. पाकिटावर मोनोहायड्रेट (पाण्याचा अंश असलेलं ग्लुकोज) लिहिलं असेल तर 82.5 ग्रॅम लागतं. इथे हमखास चुकतं. आता नॉर्मल आली तरी 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा करायचीच.

गोळीचं म्हणाल तर आशाताईंच्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक असतं. दवाखान्यातल्या फेरस अ‍ॅस्कॉर्बेटच्या गोळीत बहुधा 100 मिलिग्रॅम लोह. दोन्ही एकदम चालू नाहीत ना, ते आधी पाहा. डॉक्टरांनी लोह थांबवलं तरी फॉलिक थांबत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं.

आणि हो, ‘रक्त वाढायला’ म्हणून गूळ-शेंगदाणे, खजुराचे लाडू सुरू असतील तर आवरा. गुळातून लोह मिळतं जेमतेम, साखर मात्र भरपूर. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा, चहा तासभर लांब ठेवा. कॅल्शियमची गोळी लोहासोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवा.