मदत हवी आहे: प्रोजेक्टाइलच्या गणितात टॅनच्या दोन किमती येतात, कुठली सोडायची?

नमस्कार. अकरावी सायन्सला आहे, सीईटीचा सराव चालू आहे. गणित असं: जमिनीवरून २० मी/से वेगाने चेंडू फेकला. २० मीटर लांबच्या भिंतीत १० मीटर उंचीवर खिडकी आहे. चेंडू खिडकीत जायला कोन किती हवा? ग = १० मी/से², हवेचा रोध धरायचा नाही.

मार्गाच्या समीकरणात, म्हणजे उंची = अंतर × टॅन − ग × अंतर² / (२ × वेग² × कॉस²) मध्ये, किमती घातल्या. टॅनला म म्हटलं आणि १/कॉस² च्या जागी (१ + म²) घेतलं:

१० = २०म − ५(१ + म²)
म² − ४म + ३ = ०
म = १ किंवा ३

वेळेच्या गणितात एक मूळ ऋण येतं, ते खोडून मोकळं होता येतं. इथे दोन्ही धन! उत्तरसूचीत फक्त ४५° दिलंय. मग ३ चं, म्हणजे ७१.६° चं, काय करायचं? क्लासमध्ये "लहान कोन घे" एवढंच सांगितलं.

प्रतिसाद १
काहीच सोडायचं नाही, दोन्ही बरोबर आहेत. लहान कोन घ्यायचा असा नियम कुठेही नाही. वेळ काढून बघ. ४५° ला १.४१ सेकंद लागतात आणि चेंडू नेमका शिखरावर असताना, म्हणजे आडवा, खिडकीत शिरतो. ७१.६° ला तो १८ मीटरपर्यंत चढतो आणि ३.१६ सेकंदांनी वरून खाली येताना शिरतो. फील्डरचा सपाट थ्रो आणि उंच लॉब, तसंच. प्रश्नात "आडवा शिरतो" किंवा "कमीत कमी वेळात" असं काही असेल तरच ४५° हे एकमेव उत्तर. नसेल तर प्रश्नच अर्धवट आहे.

धागाकर्ता
प्रश्नात तसं काहीच नाहीये. बरं, खिडकी आणखी वर असती तर?

प्रतिसाद २
१० च्या जागी उ ठेव. ५म² − २०म + (५ + उ) = ०, विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) ३०० − २०उ. उ = १५ ला तो शून्य होतो, दोन्ही मुळं एक होतात: म = २, कोन ६३.४°. त्याच्या वर विवेचक ऋण, म्हणजे या वेगाने कसाही फेक, चेंडू पोहोचणारच नाही. माझ्या मते विवेचक खरा कळतो तो इथेच.

धागाकर्ता
भारी! मग प्रत्येक अंतराला अशी कमाल उंची काढली तर?

प्रतिसाद २
पुन्हा पॅराबोलाच मिळतो: उंची = २० − अंतर²/८०. अंतर शून्य ठेवलंस की सरळ वर फेकल्याची २० मीटर उंची येते, आणि उंची शून्य ठेवलीस की ४० मीटर, म्हणजे ४५° चा कमाल पल्ला. आता अंतर अ आणि वेग व ठेवून हेच स्वतः सिद्ध कर, अडलास तर इथेच लिही.