मेट्रोचा ब्रेक वीज परत देतो म्हणे. कुणाला?

उद्यमबागकर: परवा पोराकडं बेंगळुरूला गेलतो. मेट्रो स्टेशनात शिरताना मोटरचा सूर उतरत गेला, ब्रेकचा ब्लॉक घासल्याचा आवाज नाहीच. पोरगा म्हणतो, "बाबा, आत्ता वीज परत चालली." अरे, पण कुठं? नम्मा मेट्रो तिसऱ्या रुळातल्या ७५० व्होल्ट डीसीवर चालते. डीसी सबस्टेशनात साधा डायोडचा रेक्टिफायर, म्हणजे एसीची डीसी करणारी एकेरी वाट, असला तर वीज ग्रिडात उलटी शिरत नाही. त्याच वेळी जवळपास दुसरी गाडी सुटत असेल तरच ती खाणार. रात्री गाड्या विरळ झाल्यावर काय?

खानापूरवाला: काय सांगायलाय राव! मुंबईत लोकलच्या कारशेडात माझी हयात गेली. जुन्या १५०० व्होल्ट डीसीच्या गाड्या रेझिस्टन्सचा एकेक टप्पा वगळत वेग घ्यायच्या आणि थांबायच्या नुसत्या ब्लॉकवर. ते बदलून बदलून नखातला काळेपणा जायचा नाही. मग थ्री-फेज मोटरी आल्या. इन्व्हर्टरनं विजेची फ्रिक्वेन्सी रोटरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, वेगाखाली आणली की मोटरच जनित्र होते. आता मुंबईची लोकल २५ केव्ही एसीवर आहे, दिल्ली मेट्रोही. तिथं उरलेली वीज ग्रिडात जाते. दिल्लीला तर या ब्रेकवर कार्बन क्रेडिट, म्हणजे प्रदूषण कमी केल्याचं विकता येणारं श्रेय, मिळालं. तुमच्या कारखान्यात व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, असेल की, तेच हे.

उद्यमबागकर: आहे की, माल उचलायच्या होइस्टला. माल खाली सोडताना आलेली वीज पेटीतल्या रेझिस्टन्सवर जळते. ग्रिडला परत देणारा ड्राइव्ह महाग, म्हणून घेतला नाही. म्हणूनच तर विचारायलोय!

निपाणीकर: मेट्रोचं राहू दे. गोव्याकडं उतरणारा कॅसलरॉकचा रेल्वे घाट, ३७ ला १ उतार. तिथं डिझेल इंजिन असलं की ते डायनॅमिक ब्रेक लावून, म्हणजे मोटरलाच जनित्र करून, वीज करतं आणि गरम हवा करून फुंकून टाकतं. त्यावर कोण बोलत नाही.

शहापूरची इंजिनियर: काका, सगळे विजेच्या बिलावरच अडलाय. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ८० वरनं ४० ला येईपर्यंत पाऊण ऊर्जा निघालेली असते आणि ती मोटरनं काढली तर ब्लॉकच्या वाट्याला शेवटचं थोडंच येतं. भुयारी स्टेशनात ब्लॉकची धूळ नि उष्णता कमी होते, हे कुठं मोजायचं?

खानापूरवाला: रात्रीचा मुद्दा मात्र कबूल. पण गाडीवर रेझिस्टन्स असला की तेव्हाही मोटरच थांबवते, ब्लॉक वाचतोच.

उद्यमबागकर: मग पोराला सांगतो, रात्री दहानंतर "ब्लॉक वाचला" म्हण, "वीज परत चालली" म्हणू नको.