पद्मिनीचं स्लो बसेना, आणि चावी काढली तरी इंजिन थांबेना

कोल्हापूरकर_११००
मंडळी, ९४ची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे, वडिलांची. पावसाळाभर शेडमध्ये उभी होती, आता बाहेर काढली तर नाटकं सुरू. चोक ओढला की लगेच चालू होते. इंजिन तापलं, चोक आत ढकलला, की आवाज वर-खाली, वर-खाली आणि गचकन बंद. पाय काढल्यावरही इंजिन हळू चालत राहावं, ते स्लो बसतच नाही. सिग्नलला एकाच पायानं ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दाबून उभा असतो मी. चाळीसच्या पुढं मात्र कसली तक्रार नाही. मिस्त्रीनं स्क्रू पिळून रेस वाढवून दिली. आता बंद पडत नाही, पण चावी काढली तरी इंजिन धडधडत राहतं. प्लग नवे, एअर फिल्टर नवा. पुढच्या महिन्यात पासिंग आहे. मिस्त्री म्हणतोय कारबोरेटरच (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) बदला. बदलू का?

डोंबिवली_डेल्को
आधी ठिणगीचे पॉइंट आणि कंडेन्सर बघा. डेल्कोचा (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) शाफ्ट बोटांनी हलवा. खुळखुळत असेल तर पॉइंटची गॅप एका जागी राहत नाही, मग स्लो कुठून बसणार?

जुना_पाना
बरोबर, इग्निशन आधी, कारबोरेटर शेवटी. पण याच्या लक्षणांवरून मला दुसरीकडे वास येतोय. चोकवर चालते, वेगात नीट पळते, फक्त स्लोला मरते, म्हणजे स्लोच्या वाटेनं पेट्रोल कमी येतंय किंवा खालून फुकटची हवा शिरतेय.

एक सांग, चालू इंजिनवर मिक्श्चरचा (स्लोला पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू फिरवला तर आवाजात फरक पडतो का? पडत नसेल तर पायलट जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, तुंबलाय. मिस्त्रीनं रेस वाढवली म्हणजे बटरफ्लाय (कारबोरेटरची झडप) जरा उघडा ठेवला, आजार तसाच. त्या उघड्या फटीतून मिश्रण ओढलं जातं आणि गरम इंजिनात स्पार्कशिवायच पेटतं. म्हणून चावी काढल्यावरही धडधड.

जेट काढ, हवा मार. तार घालू नकोस, पितळ आहे, भोक मोठं झालं की गेला. मग कारबोरेटरच्या बुडाशी, गॅस्केटच्या कडेनं ऑइलकॅननं थेंब थेंब तेल सोड. सोडताच आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरतेय.

आणि हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल धरतं, जुनं रबर खातं, शिवाय मिश्रण पातळ करतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. नव्या गाड्यांत सेन्सर ते सांभाळून घेतो, आपल्या जेटचं भोक आहे तेवढंच. (तुमच्या जिल्ह्यातल्या उसाचीच करणी, तक्रार कुणाकडे करणार!)

कोल्हापूरकर_११००
काका, स्क्रू पूर्ण आत गेला तरी ढिम्म! जेट काढला तर आत पांढरी पावडर. कारबोरेटरात पेट्रोल साठतं त्या फ्लोटच्या वाटीतही तसलाच थर.

जुना_पाना
तो जस्ताच्या मिश्रधातूचा गंज. पेट्रोलात पाणी उतरलं की बॉडीच अशी फुलते. वाटी पुसून काढ, टाकीतलं जुनं पेट्रोल बाहेर काढ, नाहीतर परत तेच. मिक्श्चर स्क्रू हलक्या हातानं टेकव, दीड आटा मागे घे, तिथून ट्यून कर. मिस्त्रीनं वाढवलेली रेसही कमी कर.

कोल्हापूरकर_११००
बसलं स्लो! चावी काढली की गप. प्लग आधी पांढरेफटक निघायचे, आता बिस्किटाच्या रंगाचे. तेलाच्या थेंबानं मात्र बुडाच्या एका कोपऱ्यात आवाज जरासा बदलतो. कोल्हापुरात गॅस्केट मिळेना. कापून घेऊ का?

डोंबिवली_डेल्को
कापू नका, जाडी चुकते. पुण्यात नाना पेठेत विचारा, नाहीतर मुंबईत ऑपेरा हाऊसला. जुनं गॅस्केट बरोबर न्या.

जुना_पाना
आणि नट एकदम आवळू नकोस. आळीपाळीनं, थोडे थोडे. बूड वाकलं की कितीही गॅस्केट घाल, हवा शिरणारच. पीयूसीला जाताना गाडी चांगली तापवून ने.