हातशिलाईचे सामान आणि सणावारांची छोटी शिवणकामे: मांडणी कशी करावी?

पागोळी (रत्नागिरी)

नमस्कार. माझ्याकडे शिलाई मशीन नाही आणि घेण्याचा विचारही नाही; जे काही शिवते ते हातानेच शिवते. माझे सगळे सामान बिस्किटांच्या एका गोल पत्र्याच्या डब्यात आहे: रिळे, टिचबटणे, हुक, इलॅस्टिकचे तुकडे, दोन कात्र्या, आईचा पितळी अंगुस्ताना आणि एकमेकांत इतके गुंतलेले भरतकामाचे दोरे, की ते सोडवण्यापेक्षा नवी लड आणणे सोपे वाटते. कापडाचे तुकडे वेगळ्या बोचक्यात, कपाटाच्या तळाशी असतात.

गेल्या वर्षभरात या अव्यवस्थेचा तीनदा फटका बसला. गणपतीसाठी खणाचे आसन शिवायला घेतले तेव्हा आमचा पाट मूर्तीसाठी चित्रशाळेत जाऊन महिना झाला होता. अंदाजाने शिवलेले आसन चार बोटे अपुरे पडले. पावसाळ्यानंतर पांढऱ्या मलमलीचे झबले शिवताना गंजलेल्या सुईचे तपकिरी ठिपके गळ्याशी उमटले. आणि यंदा नातवाच्या बोरन्हाणाचे काळे झबले संक्रांतीला तयारच नव्हते, कारण आयत्या वेळी डब्यातील टिचबटणांचे दोन्ही भाग जुळेनात. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालते म्हणून निभावले.

सामानाची मांडणी कशी करावी आणि वर्षातील पाच-सहा छोटी कामे वेळेवर व्हावीत यासाठी आखणी कशी करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. घर लहान आहे, त्यामुळे वेगळे कपाट सुचवू नये, ही विनंती.

अस्तर (पुणे)

पागोळीताई, आपल्या तिन्ही प्रसंगांत सामान घरात होते. ते त्या कामाशी जोडलेले नव्हते, एवढेच. म्हणून माझा सल्ला असा, की वस्तूंची वर्गवारी करण्याआधी कामांची वर्गवारी करावी.

मी रविवार पेठेतून लेस, बटणे आणि नाड्या आणायला गेले की नेहमी गरजेपेक्षा जास्त घेऊन येते, त्यामुळे साठा कायम मोठा असतो. पूर्वी मी रिळे रंगांप्रमाणे लावून पारदर्शक डब्यांत ठेवत असे. दिसायला ते फार सुरेख दिसते, पण शिवायला बसल्यावर पाच डबे उघडावे लागतात आणि उठताना एकही नीट बंद होत नाही. आता मी प्रत्येक ठरलेल्या कामासाठी जुन्या ओढणीची नाडीची एक पिशवी करते. तिच्यात बेतलेले कापड, त्याच रंगाचे रीळ, लागतील तेवढी बटणे किंवा हुक, कापडाला साजेशी सुई आणि मापाची चिठ्ठी एवढेच असते. टिचबटणांच्या जोड्या लावून त्या फडक्याच्या तुकड्यावर अडकवून ठेवल्या, तर आपल्यावर आलेला प्रसंग येणार नाही. काम अर्धवट सोडून उठले तरी पिशवीची नाडी ओढली, की झाले.

घरातील उसवलेले शिवण्याचे सामान मात्र या सगळ्यापासून वेगळे ठेवावे. काळा, पांढरा आणि करडा दोरा, दोन सुया, चार हुक आणि लहान कात्री एवढे एका छोट्या डब्यात स्वयंपाकघराजवळ असावे. शाळेला निघालेल्या मुलाच्या शर्टाचे बटण लावण्यासाठी मोठा डबा उघडला गेला, की तो विस्कटलाच म्हणून समजा.

भरतकामाच्या लडींसाठी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून त्यांच्या टोकांना खाचा पाडाव्यात, लड तिच्यावर गुंडाळावी आणि रंगाचा क्रमांक पट्टीवर लिहावा. लडीवरचा कागद हरवला, की तीच छटा पुन्हा मिळवणे जवळजवळ अशक्य होते. गुंतलेले दोरे सोडवण्यात संध्याकाळ घालवू नये. त्यांचे हातभर तुकडे कापून कच्च्या टाचणीला वापरावेत.

काजबटण (कोल्हापूर)

मी शाळेत बरीच वर्षे शिवण शिकवले. पिशव्यांची पद्धत उत्तम आहे, पण अस्तर यांच्या उत्तरात सुयांचा विषय एका शब्दात उरकला गेला आहे, आणि कोकणात खरी अडचण तीच आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे पिशवीत टोचून ठेवलेली सुई दिवाळीपर्यंत गंजणारच.

सुई कामाच्या पिशवीत ठेवू नये. लोकरीच्या किंवा फलाणीच्या कापडाची चार पाने वहीसारखी मधोमध टाचावीत, त्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एखादाच थेंब चोळावा आणि सुया त्यांत ओळीने ठेवाव्यात. ही सुयांची वही घट्ट झाकणाच्या लहान डबीत, औषधांच्या बाटल्यांतून मिळणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी. स्पंजाच्या टाचणगादीत मात्र सुया मुळीच ठेवू नयेत, कारण स्पंज ओलावा धरून ठेवतो. हाताला घाम येत असेल, तर काम संपल्यावर सुई कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय लावून घ्यावी. सुई बोटांत फिरवून पाहावी. जरा जरी खरखर लागली तरी ती कापडात घालू नये. सुई स्वस्त असते, मलमल नव्हे.

सुयांचा क्रमांक जितका मोठा, तितकी सुई बारीक, हे अनेकांना उलटे वाटते. मलमलीला ९ किंवा १० क्रमांकाची सुई घ्यावी, तर गोधडीच्या तीन-चार थरांना ५ क्रमांकाच्या आसपासची. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात क्रमांक दोऱ्याने भरून ठेवला, तर चष्मा शोधत नेढे तपासत बसावे लागत नाही.

झबल्यावरचे डाग अजून असतील, तर त्यांवर लिंबाचा रस आणि मीठ लावून कापड उन्हात ठेवावे आणि नंतर स्वच्छ धुवावे. फिकट डाग यानेच जातात. ब्लीच लावू नये, त्याने गंजाचा डाग अधिक पक्का होतो.

जुन्या रिळांचीही एकदा परीक्षा घ्यावी. वीतभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्यावा. तो सहज तुटला, तर रीळ कितीही भरलेले असले तरी त्याने फक्त कच्चे टाचावे.

उसवण (नागपूर)

आखणीबद्दल लिहितो. होय, मी पुरुष आहे आणि आजीकडून गोधडी शिकलो.

सणांची कामे इंग्रजी महिन्यांनुसार आखली, की फसतात. संक्रांत दरवर्षी १४ जानेवारीच्या आसपास येते, म्हणून ती सोपी. बाकीचे सण तिथीने चालतात. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला होता, तो २०२६ मध्ये १९ मार्चला, म्हणजे अकरा दिवस आधी आला आहे. पण १७ मेपासून अधिक ज्येष्ठ असल्यामुळे त्यानंतरचे सण पुढे सरकले आहेत. गणेशचतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, ती यंदा १४ सप्टेंबरला आहे. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर गेले आहे. गेल्या वर्षीची टिपणे तशीच वापरली, तर गुढीचे वस्त्र उशिरा होईल आणि गणपतीचे काम विनाकारण घाईत उरकले जाईल. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयातच सणाच्या तारखेपासून मागे मोजत तीन खुणा कराव्यात: माप व कापड, बेतणे, शिवण पूर्ण. सणाच्या आधीचा आठवडा मोकळाच ठेवावा, कारण त्या दिवसांत हातात सुई नव्हे, झारा असतो.

किती वेळ लागेल याचा अंदाज मात्र मनाने करू नये, मोजून करावा. उदाहरणार्थ, ३० बाय ४० इंचांच्या दुपट्याला एक इंच अंतराने लांबीच्या दिशेने धावदोरा घालायचा, तर २९ ओळी होतात. माझी ४० इंचांची एक ओळ साधारण दहा मिनिटांत होते, म्हणजे केवळ ओळींनाच पाच तासांच्या जवळपास वेळ जातो, कडा वेगळ्या. या ओळींची लांबीच साडेएकोणतीस मीटर भरते, त्यामुळे वर-खाली जाणारा आणि टोकांना वाया जाणारा दोरा धरून एकेरी शिवणीलाही चाळीस मीटर जवळ असलेला बरा. रोज अर्धा तास बसणाऱ्याला दहा-बारा दिवस लागतात. बाळंतपणाची तारीख जवळ आल्यावर दुपटे शिवायला घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

पावसाळ्यात घरी बसणे होते म्हणून गोधड्या तेव्हा शिवाव्यात, असे बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्याकडे ते काम वैशाखात होते. जुनी लुगडी धुऊन कडक उन्हात वाळवता येतात, थर पूर्ण कोरडे असतात आणि अंगणात पसरायला जागा मिळते. थरांत ओल राहिली, तर वास वर्षभर जात नाही. पावसाळा बटवे, तोरणे, रुमाल अशा मांडीवर मावणाऱ्या कामांसाठी ठेवावा. संक्रांतीच्या वाणाचे बटवेही तेव्हाच उरकतात.

आणि ताई, पाटाचे माप तो घरातून बाहेर पडण्याआधी घ्या. खरे तर पाटाच्या आकाराचा वर्तमानपत्राचा साचाच कापून ठेवा.

पागोळी (रत्नागिरी)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी डबा रिकामा केला. चौदा सुयांपैकी नऊ खरखरीत निघाल्या, त्या कागदात गुंडाळून टाकून दिल्या. काजबटण मॅडम, लिंबू-मिठाने एक ठिपका पूर्ण गेला, दुसरा फिकट झाला आहे; तिथे आता लहानसे फूल भरेन. झटक्याच्या परीक्षेत आईच्या वेळची सहा रिळे नापास झाली, पण टाकवत नाहीत. दुपटे मात्र या चैत्र-वैशाखातच घेईन, कारण उसवण म्हणतात तो ओलीचा वास आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे.

पाट अजून माळ्यावरच होता. साचा कापला आणि खणाच्या तुकड्यासह आसनाच्या पिशवीत घातला. कापड बेतताना साच्याच्या बाहेर किती सोडावे?

काजबटण (कोल्हापूर)

खणाचे सूत कापलेल्या कडेने लगेच सुटते, म्हणून चारही बाजूंनी पाऊण इंच सोडावे. कापल्या कापल्या कडेला सैल हाताने गुंडाळटाका घालून घ्यावा आणि मगच अस्तर जोडायला घ्यावे. काठ पाटाच्या पुढच्या बाजूला येईल असा साचा ठेवायचा आहे, हे बेतण्याआधी साच्यावरच लिहून ठेवा.