मदत हवी आहे: कप्पीच्या प्रश्नात माझे उत्तर ३० येते, उत्तरतालिकेत २० आहे

लोकोवाट:
रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाची दुसरी संगणकीय परीक्षा तोंडावर आली आहे आणि मूलभूत विज्ञान व अभियांत्रिकी या भागातील एका सराव प्रश्नात मी दोन दिवस अडकलो आहे. दोन कप्प्यांवरून दोरी घेऊन ६० किलोचा भार उचलायचा आहे. कप्प्यांचे वजन आणि घर्षण धरायचे नाही. पर्याय १५, २०, ३० आणि ६० किलो-बल असे आहेत. माझे उत्तर ३० येते. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणून कृपया लवकर सांगावे.

जुना_फिटर:
आकृतीशिवाय याचे उत्तर देता येणार नाही. दोन्ही कप्प्या वर टांगलेल्या आहेत, की एक भारासोबत सरकते? दोन्ही स्थिर असतील तर पूर्ण ६० लागतील, कारण विहिरीवरच्या कप्पीप्रमाणे स्थिर कप्पी फक्त बलाची दिशा बदलते. दोरीचे बांधलेले टोक कुठे आहे, तेही लिहा.

सूत्रप्रिय:
इतक्या खोलात जाण्याची गरज नाही. जितक्या चल (भारासोबत सरकणाऱ्या) कप्प्या, तितका २ चा घात घ्यावा आणि भाराला त्याने भागावे. येथे चल कप्पी एकच दिसते, म्हणून उत्तर ३०. तालिका चुकलेली आहे.

जुना_फिटर:
सूत्रप्रिय, आपले सूत्र खरे आहे, पण प्रत्येक चल कप्पीला स्वतंत्र दोरी असून त्या दोरीचे एक टोक वर पक्के बांधलेले असेल तेव्हाच. एकच दोरी सगळ्या कप्प्यांवरून फिरत असेल तेव्हा ते लावल्यास विद्यार्थ्याचा गुण जातो.

अभ्यासिका_कोल्हापूर:
तरफेचे प्रश्नही हमखास येतात. मध्ये टेकू असेल तर पहिला प्रकार, भार असेल तर दुसरा, बल असेल तर तिसरा. कात्री, अडकित्ता आणि चिमटा हा क्रम लक्षात ठेवावा. शिवाय याच परीक्षेच्या ब विभागात, म्हणजे ट्रेडच्या भागात, ३५ टक्के गुण मिळवावेच लागतात, त्याकडे दुर्लक्ष करू नये.

लोकोवाट:
तरफा मला येतात. एक कप्पी छताला आहे आणि दुसरी भारासोबत वर येते. दोरी ओढण्याचा बाण वरच्या दिशेने आहे. ते सांगण्यासारखे वाटले नव्हते. खालच्या कप्पीच्या चौकटीवर एक काळा ठिपका आहे, तो मी छपाईचा डाग समजलो होतो.

जुना_फिटर:
तो डाग नसून दोरीची गाठ आहे. दोरी खालच्या चौकटीपासून निघते, वरच्या कप्पीवरून खाली येते, खालच्या कप्पीला वळसा घालून पुन्हा वर तुमच्या हातात येते. आता दोन कप्प्यांच्या मधोमध एक आडवी रेघ मारा आणि भाराला वर धरून ठेवणारे दोरीचे किती पदर ती कापते ते मोजा. तीन पदर आहेत आणि एकाच दोरीत ताण सर्वत्र सारखा असतो, म्हणून ६० भागिले ३, म्हणजे २०. गाठ छताला असती आणि दोरी वरच्या कप्पीवरून खाली ओढायची असती, तर हातातला पदर भार उचलण्यात मोजला गेला नसता आणि तुमचे ३० बरोबर ठरले असते.

सूत्रप्रिय:
गाठ चौकटीला असेल तर २० मान्य आहे. तरीही स्वतंत्र दोऱ्यांच्या रचनेत ही पदर मोजण्याची पद्धत विद्यार्थ्यांना फसवते, हेही लिहायला हवे होते.

जुना_फिटर:
बरोबर आहे, तेथे ताण प्रत्येक दोरीत वेगळा असतो. म्हणून आधी दोऱ्या किती आहेत ते पाहावे आणि मगच पदर मोजावेत.

लोकोवाट:
आपले सर्वांचे आभार. खात्री पटावी म्हणून काल हार्डवेअरच्या दुकानातून दोन लहान कप्प्या आणल्या, सहा लिटर पाण्याची बादली खालच्या कप्पीला अडकवली आणि सामान तोलण्याच्या काट्याने दोरी वर ओढली. काटा २ वर न थांबता अडीचच्या जवळ गेला, कारण बादलीचे वजन आणि घर्षण मी धरलेच नव्हते. पण बादली एक वीत वर यायला दोरी मोजून तीन विती ओढावी लागली.