वांग आणि मुरमांचे डाग : कोणते क्रीम, किती प्रमाणात आणि किती दिवस लावावे?

प्रश्न – मानेवाड्याची शिक्षिका

नमस्कार. माझे वय ३४ वर्षे असून मी नागपुरात मानेवाडा भागात राहते आणि सदरमधील एका शाळेत शिकवते, त्यामुळे रोज जाऊन-येऊन तासभर दुचाकीवर उन्हातून जावे लागते. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी वांग उमटले. हनुवटीवर मुरमांचे जुने काळे डाग आहेत, ते वेगळे.

दिवाळीच्या सुमारास एका नातेवाईक बाईंनी सुचवलेली ट्यूब मी घराजवळच्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणली. तिसऱ्याच आठवड्यात चेहरा इतका स्वच्छ दिसू लागला की शाळेत सहकाऱ्यांनी विचारणा केली, आणि त्या आनंदात मी ती चार महिने रोज रात्री लावत राहिले. फेब्रुवारीअखेर ट्यूब संपली आणि आठवडाभर नवी आणणे झाले नाही, तेव्हा गाल लालबुंद झाले, साधे पाणी लागले तरी चुरचुरू लागले, बारीक पुटकुळ्या आल्या आणि वांग पूर्वीपेक्षा गडद दिसू लागले. पुन्हा ट्यूब लावली की दोन दिवसांत सारे शांत होते. ट्यूबवर हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के असे लिहिले आहे.

आता ओळखीच्या पार्लरमधील ताई लेबल नसलेली एक पांढरी डबी देऊ करत आहेत आणि त्यात कोणतेही केमिकल नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. अॅझेलिक अॅसिड, कोजिक अॅसिड, नायसिनामाइड, व्हिटॅमिन सी ही नावेही सतत वाचनात येतात, परंतु यांतील काय आधी लावावे आणि काय एकत्र लावू नये, हे समजत नाही. माझा धाकटा मुलगा सव्वा वर्षाचा आहे आणि रात्री अजून अंगावर पितो. मला गोरे व्हायचे नाही, माझा सावळा रंग मला आवडतो. फक्त हे चट्टे जावेत, एवढीच इच्छा आहे. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – धरमपेठेतील औषधनिर्माती

ताई, मी बावीस वर्षे औषधांच्या काउंटरमागे काढली आहेत आणि आपण लिहिलेली हकिगत याच शब्दांत अनेक जणींकडून ऐकली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपण वापरलेले मिश्रण बनावट किंवा निरुपयोगी नाही. क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी १९७५ मध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड एकत्र करून वांगावरचा उपचार मांडला आणि आजच्या ट्यूब त्याच सूत्राच्या सौम्य आवृत्त्या आहेत. हायड्रोक्विनोन हे मेलॅनिन, म्हणजे त्वचेचे रंगद्रव्य, तयार करणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला अडवते, ट्रेटिनॉइन त्वचेचे वरचे थर लवकर बदलायला लावते, आणि या दोघांमुळे होणारी जळजळ दबावी म्हणून त्यात स्टेरॉइड घातलेले असते. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांसाठी, साधारणपणे आठ आठवड्यांपर्यंत, द्यायचे असते. घरातील रोजच्या क्रीमसारखे ते महिनोन्महिने वापरले गेले की घोळ सुरू होतो.

तिसऱ्या आठवड्यातील तो उजळपणा बऱ्याच अंशी मोमेटासोनचा, म्हणजे आपल्या ट्यूबमधील स्टेरॉइडचा, असावा. चेहऱ्याची त्वचा मुळात पातळ. तिच्यावर स्टेरॉइड दीर्घकाळ लागले की ती आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते, आणि औषध थांबवताच लाली व आग उसळते. ती शांत करण्यासाठी माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असे नाव दिले आहे, कारण आपल्याकडे ती फार मोठ्या प्रमाणावर आढळते. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी कोणतेही नाव ट्यूबवर असेल, तर ते स्टेरॉइड आहे, हे लक्षात ठेवावे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आपल्याला ती तशी मिळाली, ही माझ्या व्यवसायातील माणसांची चूक आहे आणि तिचे मला मनापासून वाईट वाटते.

चार महिन्यांच्या वापरानंतर ट्यूब कशी सोडायची, हे स्वतः ठरवू नये. काहींना एकदम थांबवून सौम्य औषधांचा आधार देतात, तर काहींना पायरीपायरीने खाली आणतात, आणि हे चेहरा पाहूनच ठरते. मेडिकल किंवा मेयो या आपल्या नागपुरातील शासकीय रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात बाह्यरुग्ण तपासणी होते. जाताना ट्यूब सोबत न्यावी आणि बाळ अंगावर पिते, हे विचारण्याची वाट न पाहता सांगावे. हायड्रोक्विनोन त्वचेतून बऱ्यापैकी शोषले जाते, म्हणून गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात ते टाळतात, आणि ट्रेटिनॉइनही गरोदरपणात वापरत नाहीत. शिवाय रात्री मुलाचा गाल आपल्या गालाला लागतोच, त्यामुळे आपल्या चेहऱ्यावरचे औषध त्याच्या त्वचेवर जाते.

हायड्रोक्विनोनविषयी आणखी एक गोष्ट सांगते. ते वर्षानुवर्षे लावत राहिल्यास ऑक्रोनोसिस नावाचा विकार होऊ शकतो, ज्यात त्वचा निळसर काळी पडते आणि तो रंग जवळजवळ जात नाही. युरोपीय संघाने २००१ मध्ये सौंदर्यप्रसाधनांतून ते काढून टाकले आणि अमेरिकेतही २०२० पासून ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. चांगल्या हातात ते आजही उपयोगी औषध आहे. मात्र मुदत आणि विश्रांती ठरवून दिलेली असावी, आणि ट्यूबमधील क्रीम तपकिरी पडले असेल तर ते फेकून द्यावे.

पार्लरच्या डबीला मात्र हातही लावू नये, अशी कळकळीची विनंती आहे. लेबल नसलेल्या आणि झटपट उजळपणा देणाऱ्या क्रीममध्ये पारा असण्याची शक्यता असते. पारा मेलॅनिन थांबवतो, हे खरे. पण तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडाला इजा करतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील एका रुग्णालयात मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडविकाराचे रुग्ण एकामागोमाग येऊ लागले, तेव्हा त्यांतील अनेक जण अशी उजळपणाची क्रीम वापरत असल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. या रुग्णांच्या लघवीतून प्रथिने जातात आणि अंगावर सूज येते. आपण ती डबी काही दिवस वापरली असेल आणि पाय किंवा पापण्या सुजत असतील, लघवीला फेस येत असेल, तर लघवीची तपासणी ताबडतोब करून घ्यावी.

उत्तर २ – महालचा रहिवासी

वरील उत्तरात सारे आले आहे, म्हणून केवळ एक अनुभव सांगतो. माझ्या आईच्या कपाळावर आणि कानांजवळ करड्या-तपकिरी छटा आल्या होत्या आणि आम्ही वर्षभर त्यांना वांग समजून वेगवेगळी क्रीम लावत राहिलो. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून अॅलर्जीची तपासणी केली, तेव्हा केसांच्या काळ्या रंगातील पॅराफेनिलिनडायअमीन, ज्याला पीपीडी म्हणतात, त्याची अॅलर्जी निघाली. आई ‘काळी मेंदी’ लावत असे आणि ती मेंदीच आहे, अशी आमची समजूत होती. खऱ्या मेंदीचा रंग काळा येत नाही, हे तेव्हा सुचलेच नाही. मेंदी थांबवल्यावर छटा हळूहळू फिकट झाल्या. काहींना कुंकवाने किंवा टिकलीच्या गोंदानेही असे होते. मान आणि काखा काळवंडणे हा तर बहुधा रक्तातील इन्सुलिनशी जोडलेला प्रश्न असतो आणि त्यावर क्रीम घासून फारसे काही साधत नाही. म्हणून कशावर लावतो आहोत, ते आधी तज्ज्ञाकडून ओळखून घ्यावे.

उत्तर ३ – त्वचारोगशास्त्राची विद्यार्थिनी, नागपूर

न तपासता निदान करणे योग्य नाही, म्हणून आपल्या घटकांविषयीच्या प्रश्नांपुरतेच लिहिते.

आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत एक गोष्ट साऱ्या उपचारांच्या मुळाशी आहे : त्वचेला कोणत्याही कारणाने दाह झाला की ती त्या जागी जास्त मेलॅनिन सोडते. हनुवटीवरचे आपले डाग हे मुरमांच्या दाहाचेच उरलेले ठसे आहेत. त्यामुळे डाग घालवण्यासाठी लावलेल्या औषधाने आग होत असेल, तर ते औषध जुन्या डागाशेजारी नवा डाग तयार करत असते. ‘चुरचुरते म्हणजे गुण येतो आहे’ ही समजूत आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येते आणि तिच्यामुळे होणारे नुकसान पाहून जीव हळहळतो. आपला चेहरा सध्या आधीच दुखावलेला आहे, तेव्हा तो शांत होईपर्यंत सौम्य क्लेन्झर, साधे सुगंधविरहित मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यांपलीकडे काहीही आणू नये, असे माझे मत आहे.

त्यानंतर डॉक्टरांच्या संमतीने बहुधा अॅझेलिक अॅसिडचा विचार होऊ शकेल. हे आम्ल गहू आणि बार्ली यांसारख्या धान्यांत आढळते, औषध म्हणून १० ते २० टक्के प्रमाणात मिळते, मुरमे आणि डाग या दोहोंवर चालते, आणि शरीरात फार कमी शोषले जात असल्याने गरोदर व स्तनदा स्त्रियांनाही सामान्यतः दिले जाते. सुरुवातीला थोडी खाज येऊ शकते, म्हणून कमी प्रमाणापासून, एक रात्र सोडून, वाटाण्याएवढे लावावे. नायसिनामाइड ४ ते ५ टक्के असले तरी पुरते; ते मेलॅनिन बनणे थांबवत नाही, पण बनलेले मेलॅनिन शेजारच्या पेशींत पोहोचू देत नाही, आणि त्वचेचे संरक्षक आवरणही सुधारते. १० किंवा २० टक्क्यांच्या बाटलीने दुप्पट-चौपट गुण येईल, असे नाही.

कोजिक अॅसिड जपानमध्ये भातापासून मद्य बनवताना वापरतात त्या बुरशीपासून मिळते. ते १ ते २ टक्के प्रमाणात वापरतात, परंतु त्याची अॅलर्जी तुलनेने अधिक आढळते, म्हणून आपल्या आताच्या चेहऱ्याला ते नको. अर्ब्युटिन हे हायड्रोक्विनोनचेच साखरेशी जोडलेले रूप आहे, तेव्हा बाळ दूध पिते तोवर तेही बाजूला ठेवावे. व्हिटॅमिन सी चांगले, पण फार नाजूक. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की कपाटातील बाटली पिवळी आणि मग तपकिरी पडते, आणि तशी बाटली वापरण्यात अर्थ नाही. ट्रानेक्झामिक अॅसिड त्वचेवर लावता येते; त्याच्या गोळ्या मात्र रक्ताच्या गुठळ्यांचा धोका तपासल्याशिवाय कोणीही सुरू करू नयेत.

एका वेळी एकच नवा घटक आणावा. तो आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहावा. गुण येण्यास ८ ते १२ आठवडे लागतात, कारण त्वचेचा वरचा थर बदलायलाच सुमारे चार आठवडे जातात. वांग करड्या-निळसर छटेचे असेल तर रंगद्रव्य खोलवर उतरलेले असते आणि लावायच्या औषधांना तिथे मर्यादा येतात.

आता उन्हाविषयी, कारण ते सांभाळले नाही तर वरचे सारे व्यर्थ जाते. किमान ३० एसपीएफ असलेले सनस्क्रीन हाताच्या दोन बोटांच्या लांबीएवढे घेऊन चेहरा आणि मानेवर लावावे. बहुतेक जणी त्याच्या निम्मेही लावत नाहीत, त्यामुळे डबीवरचा आकडा त्वचेपर्यंत पोहोचतच नाही. बाहेर असताना दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे, म्हणजे शाळा सुटण्याच्या वेळेला तरी नक्कीच. वांग केवळ अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही सावळी त्वचा काळवंडवतो, आणि तो अडवण्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन लागते. आपल्या नागपुरात मुली दुचाकीवर चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळतात, ही सवय उत्तम आहे. फक्त तो उजेडासमोर धरून पाहावा, आरपार दिसत असेल तर किरणही आरपार जातात. पावसाळ्यातील ढगाळ दिवशी आणि वर्गातील खिडकीच्या काचेमागेही यूव्हीए हे अतिनील किरण पोहोचतात. काहींचे वांग नुसत्या उष्णतेनेही वाढते, म्हणून स्वयंपाक करताना तोंड शेगडीच्या झळीपासून दूर ठेवावे.

मानेवाड्याची शिक्षिका

आपणा तिघांचे मनापासून आभार. काल त्वचारोग विभागात जाऊन आले. डॉक्टरांनी ट्यूब थांबवली, काही दिवसांसाठी लाली कमी करणारे स्टेरॉइडविरहित मलम दिले आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. त्यानंतर अॅझेलिक अॅसिड सुरू करू, असे त्या म्हणाल्या. सासूबाई तोवर लिंबू आणि हळद लावण्याचा आग्रह करत आहेत. नैसर्गिक असल्यामुळे ते चालेल का?

उत्तर ३ – त्वचारोगशास्त्राची विद्यार्थिनी, नागपूर

लिंबू नको. त्याच्या आम्लाने आग होईल ती वेगळीच, शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात असे घटक असतात की ते त्वचेवर राहून ऊन लागले की भाजल्यासारखी प्रतिक्रिया येते आणि मागे महिनोन्महिने टिकणारा गडद पट्टा उरतो. निसर्गातून आले म्हणून निर्धोक, असेही नसते. जपानमध्ये २०१३ साली ऱ्होडोडेन्ड्रॉल नावाच्या, वनस्पतींत आढळणाऱ्या घटकाची उजळपणाची उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्या हजारो स्त्रियांच्या त्वचेवर पांढरे चट्टे उमटले होते. सासूबाईंना हळद घालायचीच असेल तर दुधात घालून द्यायला सांगा. आणि आजच, खिडकीजवळच्या एकाच जागी, एकाच वेळेला चेहऱ्याचा फोटो काढून ठेवा. दर चार आठवड्यांनी तसाच पुन्हा काढा, कारण रोज आरशात पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना तो दाखवता येईल.