काळा अल्बम, जिन्यावरचा फोटो आणि एक न धुतलेला रोल: फॅमिली ग्रुपवरची चर्चा

सुमनआत्या: कपाटातला काळा अल्बम जागेवर नाही. कोणी नेलाय? शनिवारी सगळे निघणार आणि मला आज कळतंय.

चिनू: आत्या, माझ्याकडे आहे. अण्णांना विचारून घेतला. जिन्यावरच्या ग्रुप फोटोत कोण कुठल्या पायरीवर आहे ते बघून यंदाचा फोटो तसाच काढायचाय. म्हणून सहलीला सोबत न्यावा असं डोक्यात होतं.

सुमनआत्या: सोबत? म्हणजे डिकीत, बॅगांच्या खाली?

अण्णा: मी बघायला दिला होता. न्यायला नाही.

मंदाकाकू: अल्बमचं होऊ द्या निवांत. मागच्या सहलीचे मूळ फोटो अजून मिळालेले नाहीत. ग्रुपवरचे जरा मोठे केले की चेहरे फुटतात.

प्रसाददादा: चिनू, अल्बम हलवू नकोस. फोटोचा वरचा थर जिलेटीनचा असतो. दमट हवेत तो फुगतो, मऊ पडतो आणि समोरासमोरचे फोटो एकमेकांना चिकटतात. मग ओढले की थर कागद सोडून येतो, आणि तो परत बसवता येत नाही. त्यात बंद गाडी उन्हात उभी राहणार. घरीच कॉपी कर, त्या कॉपी मोबाइलमध्ये घेऊन जा.

विजूकाका: एवढं काय त्यात? मोबाइलने पानांचे फोटो काढायचे. पाच मिनिटांचं काम.

चिनू: काका, रांगेतला क्रम बघायला तेवढं पुरेल. पण अल्बम उघडलाच आहे तर नीट कॉपी करू द्या. मोबाइल हातात धरला की थोडा तिरका होतोच, चौकोनाचा पतंग होतो. वर चकचकीत कागदावर दिवा उमटतो, आणि तो नेमका कुणाच्या तरी चेहऱ्यावर येतो.

विजूकाका: ड्रायरने गरम करून फोटो सोडव आणि स्कॅनरवर टाक.

प्रसाददादा: काका, ड्रायर नको. गोंद पातळ होऊन कागदात मुरतो आणि फोटो गुंडाळी होतो. काळ्या पानांवरचे कोपऱ्यांत अडकवलेले आहेत, ते अलगद सरकवून निघतात. चिकट पानांच्या रंगीत अल्बमचं काम खरं अवघड. त्यात मेण नसलेला डेंटल फ्लॉस फोटोच्या मागे घालून करवतीसारखा हळूहळू ओढायचा. अडला की तिथेच थांबायचं आणि फोटो पानावर ठेवूनच कॉपी करायचा.

मंदाकाकू: मागच्या सहलीचे मूळ फोटो?

सुमनआत्या: मंदा, कळलं गं. आधी अल्बमचा निकाल लागू दे.

मंदाकाकू: अहो वन्सं, मी काही मागणं मागत नाहीये. आठवण करून देतेय.

विजूकाका: निकालाचं म्हणाल तर अल्बम इतकी वर्षं एकाच घरात आहे. बाकीच्यांनी बघायचा कधी, हाही प्रश्न आहेच.

सुमनआत्या: विजू, तुझ्याकडे असता तर माळ्यावर असता.

*विजूकाका यांनी हा मेसेज डिलीट केला आहे*

अण्णा: भांडू नका. पोरीला काम करू द्या.

चिनू: मांडणी सांगते, म्हणजे कुणाला शंका नको. टेबलावर फोटो, वर ट्रायपॉडला कॅमेरा खाली तोंड करून. दोन बाजूंना दोन सारखे दिवे, सारख्या अंतरावर, ४५ अंशांत. खोलीतली ट्यूब बंद, खिडकीला पडदा, नाहीतर दोन रंगांचा उजेड मिसळतो आणि नंतर सुधारता येत नाही. एफ ८ (लेन्सचं तोंड बारीक), आयएसओ १०० (उजेडाची संवेदनशीलता कमी), दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल (कॅमेऱ्याने न दाबलेली मूळ फाइल).

प्रसाददादा: दोन गोष्टी तपास. फोटोच्या जागी छोटा सपाट आरसा ठेव. व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं तरच कॅमेरा समांतर आहे. मग आरसा काढून तिथे पेन्सिल उभी धर. दोन्ही बाजूंच्या सावल्या सारख्याच गडद हव्यात. एक फिकी असेल तर दिव्याचं अंतर बदल. यात दहा मिनिटं घाल, पुढचा सगळा अल्बम सरळ निघतो.

चिनू: आरशाचं भारी आहे. लेन्स कुठली? १८-५५ मिमीची झूम आणि ५० मिमीची, दोन्ही आहेत.

प्रसाददादा: ५०. १८-५५ रुंद टोकाला ठेवली तर फोटोच्या सरळ कडा फुगतात. फ्रेम पूर्ण भर. ४ × ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला तर २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात, तुझा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० × ४००० देतो. छोट्या प्रिंटमध्ये त्याहून जास्त बारकावा नसतोच.

विजूकाका: रंगीत सगळे गुलाबी पडलेत, त्यांचं काय? ते कॉपी करून उपयोग आहे का?

प्रसाददादा: आहे. त्या काळच्या रंगीत कागदात सायन (निळसर-हिरवा) रंग आधी उडतो, म्हणून सगळं लालसर दिसतं. बंद अल्बममध्ये, अंधारातसुद्धा तो उडतो. लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक चॅनेलचे लेव्हल्स (गडद-उजळपणा) वेगळे लावले की बराचसा रंग परत येतो. जेपीईजीत, म्हणजे नेहमीच्या दाबलेल्या फाइलमध्ये, एका चॅनेलला २५६च पायऱ्या असतात, एवढं ताणलं की आकाशात पट्टे उमटतात. म्हणून रॉ.

अण्णा: मागे नावं लिहिलेली आहेत काही फोटोंच्या. तीही घ्या.

चिनू: हो अण्णा, पुढची बाजू आणि लगेच मागची, दोन्हींचा क्रमांक एकच. ज्यांच्या मागे नाव नाही त्यांची तुम्ही सांगाल ती लिहून घेईन.

सुमनआत्या: बॉलपेनने लिहू नकोस, पुढे उठतं.

चिनू: मऊ पेन्सिलनेच, आत्या, आणि कडेला. दाब द्यायचा नाही.

मंदाकाकू: मागच्या सहलीचे मूळ फोटो अजून मिळाले नाहीत. तिसऱ्यांदा लिहितेय.

चिनू: काकू, आज रात्री पाठवते. गॅलरीतून फोटो म्हणून पाठवला की ॲप तो लहान करून दाबतं. पेपरक्लिपच्या चिन्हातून डॉक्युमेंट निवडून पाठवला की फाइल जशीच्या तशी जाते. फक्त त्यात कुठे काढला ते ठिकाणही जातं, तेव्हा पुढे सगळ्यांना पाठवू नका.

मंदाकाकू: बरं. वाट बघते.

विजूकाका: आता ग्रुप फोटोचं ठरवा. मागच्या वर्षी मागची रांग धूसर. एवढा कॅमेरा असून.

प्रसाददादा: काका, तो एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडून निघालाय. पुढच्या रांगेवर फोकस, दोन पायऱ्या मागे गेलं की सगळे बाहेर. कॅमेरा जवळ असेल तितकं हे जास्त.

चिनू: यंदा तीन रांगा, एफ ८, शटर १/१२५ च्या खाली नाही कारण लहान मुलं हलतात. सावलीत आयएसओ ४०० ते ८०० लागेल, चालतं. फोकस पहिल्या रांगेच्या मागे, मधल्या रांगेच्या जरा पुढे. १८ वर जाणार नाही, मी मागे सरकून ३५ वर काढेन. रुंद टोकाला कडेच्या माणसांची डोकी ताणली जातात.

सुमनआत्या: मला मग कडेला उभं करू नका.

विजूकाका: कडेला कोण उभं करणार तुला, मधोमधच उभी असतेस.

अण्णा: वेळ कुठली?

चिनू: सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, अण्णा. दुपारी डोळ्यांच्या खाचांत सावली पडते. झाडाखाली उभं राहायचं तर दाट सावलीत. पानांतून उन्हाचे कवडसे पडले की निम्मा चेहरा पांढरा जातो.

मंदाकाकू: आणि कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच.

प्रसाददादा: त्याचं गणित आहे. निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी ते मांडलं आणि त्यांना २००६ चं इग नोबेल (गमतीदार संशोधनाचं बक्षीस) मिळालं. २० पेक्षा कमी माणसं असतील तर संख्येला ३ ने भागायचं, उजेड कमी असेल तर २ ने. आपण १८ आहोत, म्हणजे चांगल्या उजेडात किमान ६ फोटो. तेवढ्यात एक तरी सगळ्यांचे डोळे उघडे असलेला मिळण्याची शक्यता खूप असते.

विजूकाका: म्हणजे सहा वेळा पोट आत घ्यायचं.

सुमनआत्या: विजू, आधी वेळेवर ये.

चिनू: अजून एक. अल्बमच्या मागच्या खिशात एक रोल मिळालाय. फिल्मचं टोक पूर्ण आत गेलंय, म्हणजे काढून झालेला पण न धुतलेला.

अण्णा: असेल. तेव्हा लॅब दूर होती.

प्रसाददादा: डबी उघडू नकोस, टोक बाहेर ओढू नकोस. वर काय छापलंय? सी-४१ (रंगीत निगेटिव्ह धुण्याची नेहमीची पद्धत) असेल तर अजून धुता येतो, रंग उडालेले असतील पण काहीतरी निघेल. कोडाक्रोम (कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म) असेल तर रंगीत विसर. ते रसायन वापरणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससला होती, तिने २०१० च्या अखेरीपर्यंतच रोल घेतले. तरी काळीपांढरी प्रतिमा काढून देणारे आहेत.

चिनू: सी-४१ लिहिलंय! ३६ फोटोंचा आहे.

विजूकाका: मग माझ्याकडे दे. मी विमानाने येणार-जाणार आहे, परतल्यावर आमच्याकडच्या लॅबमध्ये देतो.

प्रसाददादा: काका, बॅगेज म्हणून टाकायच्या बॅगेत अजिबात नको. तिथला एक्स-रे जोरदार असतो, फिल्मवर धुकं चढतं. हातातल्या बॅगेतही जिथे नवे सीटी स्कॅनर आहेत तिथे एका फेरीत नुकसान होऊ शकतं. पारदर्शक पिशवीत वेगळा ठेवा आणि हाताने तपासा म्हणून विनंती करा. जुन्या फिल्मवर आधीच धुकं असतं, त्यात भर नको.

विजूकाका: आणि नाही ऐकलं तर?

प्रसाददादा: त्यापेक्षा सहलीहून परतल्यावर चिनूच गाडीने लॅबला देऊन येईल. लॅबला आधी फोन करून विचार, जुना रोल वेगळा धुतात का. सगळ्यांबरोबर टाकला तर नको.

चिनू: चालेल. तोपर्यंत फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात ठेवते. काका, तुम्ही तुमच्या कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या मात्र हातातल्याच बॅगेत ठेवा, लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इनला चालत नाहीत. टोकांना चिकटपट्टी लावा.

सुमनआत्या: आणि माझा अल्बम?

चिनू: शुक्रवारी संध्याकाळी आणून देते, आत्या. फाइल्सच्या तीन कॉपी करतेय: एक माझ्या लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्क तुझ्याकडे, एक विजूकाकांकडे. काका, ५०० जीबीची पुरेल, तुमच्याकडे रिकामी आहे का?

विजूकाका: आहे. घेऊन येतो.